मामंजींची बाटली

आमच्या मागच्या दाराच्या पायरीवर महिन्यातून एकदा सकाळी एक बाटली ठेवलेली असायची. खोकल्याच्या औषधाची, तपकिरी काचेची, बूच घट्ट लावलेली आणि वर उलटी करवंटी झाकलेली. करवंटी अशासाठी, की मांजरानं पाडू नये आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेला पडू नये. त्या बाटलीत माझ्या सासऱ्यांची लघवी असायची. माझे मालक ती घेऊन कामावर जायचे आणि कंपनीच्या दवाखान्यात स्वतःची म्हणून द्यायचे.

हे वाचून कुणाला हसू आलं तर मला राग नाही. आम्हीसुद्धा हसलो होतो. मामंजी स्वतः हसले होते, आणि ते हसणाऱ्यांतले नव्हते. त्यात हसण्यावारी नेण्यासारखं काही नाही हे आम्हाला वेळेवर कळलं असतं, तर आज मी हे लिहायला बसले नसते.

मालकांचं नाव मी कधी घेतलं नाही. तेव्हा रीत नव्हती आणि आता सवय नाही, म्हणून इथंही 'हे'च म्हणते. माझं माहेर महाडचं, बाजारपेठेतलं. सासर पोलादपूरच्या रस्त्याला, सावित्री नदीच्या अंगाला. मी गावच्या बालवाडीत शिकवायचे. हे मुंबईला गिरणीत होते. संपात गिरणी गेली आणि आमच्याकडच्या घराघरांतून पुरुष माणसं वळकट्या घेऊन परत आली, तसे हेही आले. येताना एक रेडिओ, एक पितळी कुलूप आणि गांज्याची सवय एवढं घेऊन आले. मुंबईला गावमंडळाच्या खोलीत पाळीवरून सुटलेली माणसं भजनाला बसायची आणि भजनाबरोबर चिलीम फिरायची. यांचा आवाज चांगला होता, आणि चांगल्या आवाजाच्या माणसाकडे चिलीम जरा जास्तच वेळा येते.

मामंजी मात्र माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, एकादशी कधी चुकायची नाही, घरात मासळीचा वास नाही. आणि कोकणात राहून हे सांभाळणं म्हणजे काही खायचं काम नाही. त्यांना एकच व्यसन होतं, तपकिरीचं. डबी कायम कनवटीला. चिमूट ओढून ते डोळे मिटून असे शिंकायचे, की गोठ्यातली जनावरं माना वळवून बघायची.

हे गावी आले त्या पहिल्याच आठवड्यात मामंजींनी यांना गोठ्यामागं चिलीम ओढताना धरलं. आरडाओरडा केला नाही. एवढंच म्हणाले, "ज्या तोंडाला ह्याचा वास, त्या तोंडाशी माझं बोलनं नाय." आणि बोलणं खरोखरच बंद झालं. हे समोर बसलेले असले तरी निरोप माझ्यामार्फत जायचा. "त्याला सांग, खालचा बांध फुटलाय." "त्यांना म्हनावं, बघतो." दोघांच्या मध्ये मी परातीत पीठ मळत बसलेली. एवढी सेवा पोस्टात केली असती तर पगार तरी मिळाला असता.

सासूबाई माझं लग्न व्हायच्या आधीच गेलेल्या. घरात तीन माणसं आणि त्यांतली दोन एकमेकांशी अबोल. बिनकामाचा पुरुष घरी बसला की कसा होतो ते मी त्या वर्षात बघितलं. हे अंगणातल्या फणसाखाली बसून रेडिओचे सेल काढायचे, पुसायचे, परत घालायचे. कुणी "काय, सुट्टीवर का?" म्हणून विचारलं की उठून आत यायचे. म्हणून महाडच्या औद्योगिक वसाहतीत यांना काम लागलं, तेव्हा मी देवापुढं साखर ठेवली. मामंजींनी मला विचारलं, "कसली कंपनी हाय?" मी म्हटलं, रंगासाठी लागणारा माल तयार करतात. ते म्हणाले, "रंगाची ना, मंग बरी. दारूची नाय."

यांचा प्लँट पिवळा होता. म्हणजे जो माल निघायचा तो पिवळा, आणि तो जिथं बसायचा तिथून निघायचा नाही. यांचे तळवे पिवळे, नखं पिवळी, बनियन पिवळं. मी उशीचे अभ्रे उकळून धुवायचे, तरी डोकं टेकायच्या जागी डाग तसाच. त्या प्लँटातल्या सगळ्यांना वसाहतीत 'नवरदेव' म्हणायचे, कारण अंगाला कायम हळद. पाळी सुटून हे गाडीतून उतरले की नाक्यावरच्या बायका मला हाका मारायच्या, "गो, तुझा नवरदेव आला बघ." मीही लाजल्यासारखं करायचे. त्या हळदीचं मला कौतुकच वाटत होतं. काम आहे, पगार आहे, माणूस मान वर करून चालतोय, मग अभ्रे खराब झाले तर झाले.

आता इथं एक शब्द आला, आणि त्या शब्दानं आमचं वाटोळं केलं. तो शब्द म्हणजे 'चढणे'.

त्या प्लँटात उष्मा वाढला, की माल वाफेनं अंगात जायचा. मग माणसाचे ओठ जांभळे पडायचे, डोकं गरगरायचं, चालताना पाय वाकडे पडायचे. बाकीचे हसायचे, "ह्याला चढली रे." मग त्याला धरून बाहेर वाऱ्यावर बसवायचं, गूळ खायला द्यायचा, की तासाभरात माणूस ठीक. गॅस चढला, दारू चढली, गांजा चढला. मराठीत सगळं चढतंच. दुसरं क्रियापद म्हणून नाही.

एक दिवस पाळी बदलायच्या वेळी सगळ्यांना पंपाच्या शेडमध्ये उभं करून मोठ्या साहेबानं सांगितलं. साहेब पुण्याकडचा, बोलणं स्वच्छ, पण मागं मशीन चालू. त्यातून यांच्या कानावर पडलं ते एवढं: अंगात जे चढतं ते लघवीत उतरतं, आता दर महिन्याला प्रत्येकाची लघवी तपासणार, आणि ज्याच्या लघवीत जास्त सापडेल त्याला प्लँटमधून काढणार.

साहेब मालाच्या वाफेबद्दल बोलत होता. ज्याच्या अंगात जास्त विष गेलं त्याला पिवळ्या प्लँटमधून काढून दुसरीकडे, मोकळ्या हवेत काम द्यायचं, असा त्याचा अर्थ होता. आमच्या घरी येईपर्यंत त्याचा अर्थ झाला, की कंपनी गांजा ओढणाऱ्यांना शोधतेय आणि सापडेल त्याला हाकलणार. त्याच सुमारास गांज्यावर नवा कडक कायदा आल्याचं रेडिओवर सांगत होते. हे म्हणाले, "बघ, सरकारनी पन मनावर घेतलंन आणि कंपनीनी पन."

कुणी परत जाऊन विचारलं का? नाही विचारलं. जे ओढत होते ते विचारणार कसे? चोराच्या मनात चांदणं. आणि जे ओढत नव्हते त्यांना विचारायचं कारणच नव्हतं. मीसुद्धा चार बुकं शिकलेली बाई, मुलांना 'चढ' आणि 'उतर' यांचे अर्थ चित्रं दाखवून शिकवणारी. मला यांचं म्हणणं पहिल्या झटक्यात पटलं. मला गांज्याचा राग होता ना. कुणीतरी अखेर यांना धरणार म्हणून आत कुठंतरी बरंही वाटलं, आणि नोकरी जाईल याची धास्तीही वाटली.

युक्ती यांची नव्हती. प्लँटमध्ये आधीच ठरलं होतं, की दुसऱ्याची न्यायची. पण कुणाची? बायकोची चालेल का, यावर म्हणे बराच खल झाला. बाईची लघवी यंत्राला ओळखू येते असं एकाचं मत पडलं. दारू पिणाऱ्याची नको, तंबाखूवाल्याची नको, रस्त्यावरच्या कुणाचा भरवसा नको. शेवटी सगळ्यांच्या मते सगळ्यांत चोख माल म्हणजे माळकऱ्याचा. आणि माळकरी तर आमच्या घरातच बसलेला.

फक्त बापलेकांचं बोलणं बंद. म्हणजे ही लघवी मागायची मी.

सासऱ्यांपुढं मी डोक्यावरचा पदर कधी ढळू दिला नव्हता. दाराआड उभी राहिले. म्हटलं, मामंजी, यांच्या कंपनीत तपासणी आहे. ते म्हणाले, हं. म्हटलं, त्यात गांजा सापडतो म्हणे. ते म्हणाले, हं, सापडूदे. मी पदराचं टोक पिळत राहिले. ते म्हणाले, "ताकाला येऊन भांडं काय लपवतेस, बोल." मग मी एका दमात सांगून टाकलं.  त्यांनी विचारलं, "गाईचं नेलंन तर नाय चालायचं? ते तर पवित्र." मी पदर तोंडात कोंबला. ते पण हसले असावेत, कारण पुढचं वाक्य फुटक्या आवाजात आलं. "त्याला सांग, देतो. पन ह्या एकाच पावटी."

एका पावटीनं, म्हणजे एका वेळेनं, भागणार नव्हतं, हे तिघांनाही ठाऊक होतं.

पहिल्या वेळी मामंजींनी केलं ते मला अजून आठवतं. आदल्या दिवशी त्यांनी तपकिरीची डबी कनवटीची काढली आणि माझ्या हातात दिली. "ठेव तुझ्याकडं. नशा ती नशा. माझ्यापायी तो पकडला जायला नको." मी म्हटलं, परवा परत देते. पण तपासणी दर महिन्याला, आणि तपकीर अंगातून किती दिवसांनी उतरते ते कुणाला माहीत? डबी माझ्या फडताळातच राहिली. ज्या माणसानं देवासाठी सगळं सोडलं आणि तपकीर तेवढी राखली, त्यानं तीही पोराच्या नोकरीसाठी सोडली. गोठ्यातल्या जनावरांनी पुन्हा शिंक ऐकली नाही.

त्या सकाळी हे मागच्या दारानं निघाले. मामंजी ओटीवर बसलेले. यांच्याकडं न बघता म्हणाले, "ठेवलीय." अबोला धरल्यापासून बापानं लेकाशी बोललेला तो पहिला शब्द. संध्याकाळी हे परत आले तेव्हा दुसरा. "पास झालास?" हे म्हणाले, "झालो आबा." मामंजी म्हणाले, "तू नाय, मी झालो," आणि माळेवरून हात फिरवत आत गेले. मी चुलीपाशी उभी होते, धूर नसताना माझ्या डोळ्यांना पाणी आलं.

त्यानंतर घर बदललं. बोलणं आधी फक्त बाटलीपुरतं होतं, मग भाताचं आलं, मग गुरांचं, मग कुणाच्या लग्नाचं. मामंजींना आपल्या लघवीचा अभिमान वाटायला लागला. "माझं कधी नापास नाय व्हायचं," म्हणायचे. पावसाळ्यात पोट बिघडलं तर यांच्यासाठी म्हणून औषध घ्यायचे. तपासणीच्या आदल्या दिवशी मला बजावायचे, आज भाजीत काय उग्र घालू नको. सण यावा तशी आमच्या घरी तपासणी यायची.

प्लँटमध्ये यांचा एक जिवाभावाचा सोबती होता. तुडीलच्या बौद्धवाडीतला. मुंबईला एकाच खात्यात होते, तिथंही चिलीम एक आणि इथंही. तो एका रविवारी आला, अंगणात उभा राहिला. मामंजींना म्हणाला, "आबा, माझी पन एक बाटली भराल तर उपकार व्हतील. आमच्या वाडीत माळकरी कुठनं आनू?" मामंजी म्हणाले, "एवढी व्हत नाय रे मला. म्हातारा मानूस." तो हसला. "बरं, ऱ्हाऊंदे," म्हणाला. त्याला पाणी द्यायला मी वेगळा तांब्या काढला, जसा नेहमी काढायचे. बाटलीला लागते ती किती, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं, आणि नाही का म्हटलं तेही. त्याच्या तोंडचं पाणी आमच्या तांब्याला चालत नव्हतं, तर आमच्या घरातली लघवीसुद्धा त्याच्यापर्यंत कशी जाणार? यांना वाईट वाटलं. त्याला वाटेपर्यंत सोडायला गेले. पण बापाशी नुकतं जुळलेलं बोलणं तोडायची यांची छाती झाली नाही.

त्यानं मग स्वतःचीच दिली. आणि दोन-तीन तपासण्यांतच त्याला काढलं.

गावोगाव बोभाटा झाला, गांज्यात सापडला. नोकरी गेली नव्हती. त्याला बागेला पाणी घालायला आणि फाटकापाशी झाडलोट करायला ठेवला होता. पण प्लँटचा भत्ता गेला आणि नवरदेवाचा माळी झाला. हे म्हणाले, "पोटावर मारलंन नाय, पन इज्जत घेतलीन." त्याच्या घरी जाऊन आले, कुणी गेल्यावर जावं तसे. त्याच वेळी आणखी एकाला काढलं, पोलादपूरकडचा साधा माणूस, सुपारीचं खांडसुद्धा तोंडात न टाकणारा. तेव्हा खरं तर आमचे डोळे उघडायला हवे होते. पण लोक म्हणाले, वरून कीर्तन, आतून तमाशा. चोरून ओढत असणार. मामंजीही तेच म्हणाले. त्या बिचाऱ्याचं नाव फुकट खराब झालं, आणि आमची खात्री आणखी पक्की झाली, की कंपनीच्या यंत्रापुढं कुणाचं काही लपत नाही.

आमची मुलगी झाली त्या वर्षी यांनी चिलीम सोडली. कानाला खडा लावला तो लावला. चिलमीला गुंडाळायचं साफीचं फडकं चुलीत टाकलं, चिलीम नदीत. मी म्हटलं, आता बाटली कशाला, आता आपली द्या की. हे म्हणाले, "गांजा हाडात मुरतो. बारा वर्सं उतरत नाय, असं जुनी मानसं सांगतात." मी वाद घातला. तेव्हा मामंजी ओटीवरून म्हणाले, "कशाला जोखीम? माझी हाय ना."

मला वाटतं, मामंजींना ती बाटली सोडवत नव्हती. आणि यांनाही. एवढी वर्षं बापानं लेकासाठी काही केलंय असं हातात धरून दाखवता येईल, तर ती एक बाटलीच होती. ती बंद केली असती तर दोघांनी सकाळी एकमेकांशी काय बोलायचं? पुढच्या काळात मी याचा फार विचार केला. गांजा सुटला होता, भीती सुटली नव्हती; आणि भीती सुटली असती, तरी माया सुटली नसती.

मग काही वर्षांनी यांना उन्हाळी लागली. म्हणजे आम्ही तरी ती उन्हाळीच समजलो. लघवीला आग, थोडी थोडी, रंग लालसर. प्लँटवाल्यांची लघवी रंगीत असणं काही नवीन नव्हतं, त्यावरून आपसात चेष्टा चालायची. हे मला बोललेच नाहीत. मोरीतल्या पांढऱ्या दगडावर मी एकदा बघितलं तेव्हा विचारलं. "उष्णता झालीय," म्हणाले. मामंजींनी धने-जिरं भिजवून दिलं, सब्जा दिला, माझ्याकडून ताक घुसळून घेतलं. बरं वाटायचं, परत व्हायचं. आणि त्याच महिन्यांत दर वेळी पायरीवर करवंटीखाली बाटली ठेवलेली, नितळ, स्वच्छ. घरात एकाची लघवी लाल होत होती आणि कंपनीत दुसऱ्याची पास होत होती. हे वाक्य लिहिताना माझा हात थांबला. तेव्हा मात्र आमच्यातल्या कुणाचंही काही थांबलं नाही.

अखेर रक्ताच्या गुठळ्या पडल्या. महाडच्या डॉक्टरांनी मुंबईला धाडलं. मोठ्या इस्पितळात तपासण्या झाल्या, नळी घालून आतून बघितलं, आणि एका तरुण डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवलं. मूत्राशयाचा कर्करोग, म्हणाले. या वयात सहसा होत नाही, म्हणाले. मग विचारलं, काम कसलं करता? यांनी सांगितलं. डॉक्टरांनी लिहिणं थांबवलं. "मग कंपनी तुमची लघवी तपासत नाही?"

"तपासते की. दर महिन्याला."

"आणि कधीच काही सापडलं नाही? असं कसं होईल?"

हे माझ्याकडं बघायला लागले. मी जमिनीकडं. मग हे हळूच म्हणाले, "ती माझी नव्हती." आणि सगळं सांगितलं. गांजा, माळ, बाटली, सगळं. डॉक्टर ऐकत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर राग येईल असं मला वाटलं होतं, आला नाही. "अहो," ते म्हणाले, "गांज्याचा काय संबंध? तुमच्या अंगात तो माल किती जातोय ते बघत होते. जास्त दिसला की त्या जागेवरून हलवतात. पुढं हेच होऊ नये म्हणून."

"म्हंजे ज्याला काढलान तो..."

"त्याला वाचवला."

 मला वाटलं हे रडतील, तर हसले. "आनि आमी त्याच्या घरी भेटायला गेलतो," म्हणाले.

मला काय वाटलं ते सरळ सांगते. मला सगळ्यांचा संताप आला. त्या साहेबाचा, ज्याला मशीन बंद करून एक वाक्य नीट बोलता आलं नाही. आणि त्या दवाखान्याचा, जिथं माणसं बाटली घेऊन एकटी आत जायची आणि दाराशी कुणी उभं नसायचं. आज वाटतं, चोर पकडायचा असता तर दाराशी पहारा ठेवला असता. पहारा नव्हता, कारण यात कुणी चोरी करेल असं त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. हे तेव्हा आमच्यातल्या एकालाही सुचू नये? मग मला माझ्या भाषेचाच राग आला. चढलं म्हणजे काय चढलं, काढलं म्हणजे कुठून काढलं, एवढं सांगायला तिला कुणाची चोरी होती?

परतीच्या वाटेवर हे खिडकीशी बसले होते. पोलादपूर-महाडकडचे डोंगर दिसायला लागले तेव्हा म्हणाले, "आबांना सांगू नको."

मी म्हटलं, का? त्यांना कधीतरी कळेलच.

"त्यांना कळलं तर परत बोलायचे बंद व्हतील."

त्यानंतर यांना जो काळ मिळाला तो थोडा होता. मामंजी रोज यांच्या उशाशी बसायचे, हळू आवाजात अभंग म्हणायचे. हेही त्या चांगल्या आवाजात साथ द्यायचे, मग नुसते ओठ हलवायचे, मग तेही नाही. कंपनीतून कुणी आलं की मामंजी अजूनही म्हणायचे, "ह्याच्या तपासनीत कवा काय सापडलं नाय. देवानीच दिलंन, आनि काय." हे डोळे मिटून पडलेले असायचे. मी ताटं उचलून आत जायचे.

हे गेले, त्यानंतर काही दिवसांनी कंपनीच्या दवाखान्यातला कंपाउंडर भेटायला आला. भला माणूस. यांचा सोबतीही त्याच्याबरोबर होता, तुडीलचा, अंगणातच उभा. त्याच्याकडं बघून मला एकदम वाईट विचार आला, की हा कसा उभा आहे धडधाकट. मग माझीच मला लाज वाटली. त्या दिवशी मी त्याला आमच्या तांब्यातून पाणी दिलं. मामंजी बघत होते.

कंपाउंडर बसला. हळहळला. म्हणाला, "आम्हीच चक्रावलो हो आबा. सबंध प्लँटमध्ये सगळ्यात स्वच्छ लघवी यांची. बाकीच्यांच्या अंगात तो माल थोडाफार सापडायचाच. यांच्यात थेंब नाही. साहेब म्हणायचे, हा माणूस काम सांभाळून करतो, याला हलवायची गरज नाही."

मामंजींनी विचारलं, "कसला माल? गांजाच बघत व्हतात ना?"

"गांजा?" कंपाउंडर म्हणाला. आणि मग त्यानं, बिचाऱ्यानं, सरळ मनानं सगळं समजावून सांगितलं.

ते दोघे गेल्यावर मामंजी ओटीवरच बसून राहिले. दिवेलागणीची वेळ झाली तरी उठले नाहीत. मी जवळ गेले. डोक्यावर पदर होता, पण त्या दिवशी मी दाराआड उभी राहिले नाही.

"तुला ठाव व्हतं?"

"होतं."

"त्याला?"

मी मान डोलावली.

"मंग बोल्ला का नाय मला?"

मला खोटं बोलता आलं नाही. म्हटलं, तुम्ही परत अबोला धराल म्हणून हे भ्याले.

मामंजींनी तोंडाला पंचा लावला. किती वेळ लावला ते मी बघितलं नाही. आत जाऊन मुलीला जेवायला वाढलं.

दुसऱ्या दिवशी बाजारहाटासाठी मी महाडला निघाले होते. मामंजी मागच्या पायरीवर बसले होते, करवंटी हातात घेऊन. तिचा काठ अंगठ्यानं चाचपत होते. मी पिशवी घेतलेली बघून म्हणाले, "येताना तपकिरीची डबी आन."

मी म्हटलं, तुमची जुनी आहे माझ्या फडताळात.

"ती नको, वास गेला असंल तिचा. नवी आन. आता कोनासाठी लघवी साफ ठेवायची हाय मला?"